मदत हवी आहे : पोट हलत नाही म्हणून अँटिबायोटिक? नसच खराब असेल तर ते चालणार कशावर?

बाबा ६८ वर्षांचे, डायबेटिस २१ वर्षं जुना. दिवाळीपासून एकच रड : दोन घास खाल्ले की पोट टम्म. गेल्या आठवड्यात सकाळी उलटी झाली, त्यात आदल्या रात्रीच्या गवारीच्या शेंगा जशाच्या तशा. तेव्हा मात्र मी घाबरले. मग स्कॅन झाला. टेक्नेशियम (कॅमेऱ्यात दिसणारा किरणोत्सारी पदार्थ) घातलेली इडली खायला दिली आणि ठरावीक वेळाने फोटो काढले. (बाबांची तक्रार, चटणी तरी द्यायची!) ४ तासांनी जठरात १० टक्क्यांपेक्षा जास्त उरायला नको, बाबांचं २८ टक्के उरलं. निदान गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठर मंदावणं. साखरेने व्हेगस नर्व्ह खराब झाली असणार, असं डॉक्टर म्हणाले.

आणि लिहून दिलं काय, तर एरिथ्रोमायसिन. लहानपणी घसा धरला की आम्हाला मिळायचं तेच. बाहेर रांग होती, त्यामुळे "ते मोटिलिन हार्मोनसारखं काम करतं" एवढंच उत्तर मिळालं. घरी येऊन वाचलं तर ही हार्मोन्स नसांमार्फत जठराच्या स्नायूला हुकूम देतात म्हणे. मग नसच गेली असेल तर हुकूम पोचवणार कोण? गोळी कालपासून सुरू केली आहे, मला फक्त समजून घ्यायचंय. तूप-तळण का बंद केलं, तेही कळलं नाही.

प्रतिसाद १
फार्माकॉलॉजी शिकवतो, म्हणून लिहितो. व्हेगस ही मेंदूकडून येणारी नस. पण जठराच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये, नसांचं स्वतःचं जाळं असतं. त्यातल्या काही ॲसिटिलकोलिन सोडून स्नायू आवळतात, काही नायट्रिक ऑक्साइड सोडून तो सैल करतात. ठेका धरणाऱ्या पेशी आणखी वेगळ्या, मिनिटाला साधारण ३ लाटा. डायबेटिसमध्ये यातल्या कशालाही फटका बसू शकतो, पण सगळं एकदम बंद पडत नाही.

मोटिलिन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सुटतं, तेही उपाशीपोटी, दर दीड-दोन तासांनी. मग जठरातून खालपर्यंत जोरदार लाट जाते, उरलंसुरलं झाडून नेणारी. एरिथ्रोमायसिन मोटिलिनच्याच कुलपात बसतं. कमी मात्रेत ते नसांमार्फत काम करतं, मात्रा वाढली की थेट स्नायूवर. शिपाई रजेवर असला तर साहेब स्वतःच खाली उतरतो म्हणा ना. १९९० मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी डायबेटिसच्या रुग्णांत याने जठर लवकर रिकामं होतं हे दाखवलं. काही आठवड्यांनी मात्र असर ओसरतो.

तुपाचं म्हणाल तर चरबी आतड्यात पोचली की सीसीके हे हार्मोन सुटतं. ते व्हेगसच्या टोकांना चेतवतं, मग जठराचा वरचा भाग सैलावतो आणि खालचं दार आवळलं जातं. आधीचं पचेपर्यंत पुढचं येऊ नये म्हणून. धडधाकट माणसाला हे सोयीचं, बाबांना नाही. गवारही नको, त्या दोऱ्यांचा जठरात गोळा होऊन बसतो.

प्रतिसाद २
आधी डॉमपेरिडोन (उलटी थांबवणारं, जठर हलवणारं औषध) चालू होतं का? आणि साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन वगैरे?

धागाकर्ती
डॉमपेरिडोन दिवसातून तीनदा, अजून चालू आहे. इंजेक्शनही आहे, सेमाग्लुटाइड. ते साखरेच्या डॉक्टरांनी नवरात्रात सुरू केलं. पोटाच्या डॉक्टरांना सांगायचं माझ्याकडून राहिलं.

प्रतिसाद २
एरिथ्रोमायसिन आणि डॉमपेरिडोन एकत्र देत नाहीत, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पुढची गोळी देण्याआधी फोन करा, उद्यावर ढकलू नका.

प्रतिसाद १
+१. आणि नवरात्रात इंजेक्शन, दिवाळीत त्रास, हे जुळतंय बघा. सेमाग्लुटाइड जीएलपी-१ ची नक्कल करतं. तेही आतड्याचंच हार्मोन, पण जठराला ब्रेक लावणारं. म्हणजे एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर. त्या २८ टक्क्यांत नसेचा वाटा किती आणि इंजेक्शनचा किती, एका स्कॅनवरून कसं सांगणार? पण परस्पर बंद करू नका. साखर चढली की जठर आणखी मंदावतं.

धागाकर्ती
फोन झाला. डॉमपेरिडोन बंद, उद्या सकाळी ईसीजी. गुरुवारच्या इंजेक्शनचं बुधवारी दोन्ही डॉक्टरांचे कागद एकत्र बघून ठरवू म्हणाले. आत्ता ताकभात अगदी मऊ कालवून दिला, अर्धी वाटी खाल्ला.