नसरीन मोहम्मदींना 'एकांतवासी' म्हणणं थांबवा

तिरपी रेघ
चित्रकार नसरीन मोहम्मदींवर (१९३७–१९९०) काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'एकाकी' किंवा 'विरक्त' येतंच. मला हे खटकतं. जन्म कराचीचा, शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत, मग पॅरिस. मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे, तय्यब मेहता या चित्रकारांचा सहवास. १९७२ पासून बडोद्याला विद्यार्थी घडवले. वर्षानुवर्षं वर्गात उभं राहणारी बाई जगापासून तुटलेली कशी? चित्रांना त्यांनी शीर्षकं दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. ती रिकामी जागा आपण त्यांच्या दुःखाने भरतो. पुरुष असत्या तर 'चिंतनशील' म्हटलं असतं.

ओहोटी
शेवटचं वाक्य अजिबात पटलं नाही. गायतोंड्यांना आयुष्यभर 'एकांतवासी' हेच विशेषण लागलं की! शिकवणं आणि एकांत यांत विरोध कुठे आहे? मोहम्मदींनी काढलेले फोटो बघा: फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, रस्ते, समुद्र. त्या हयात असताना यांतला एकही प्रदर्शनात लागला नाही. हे मागे राहणं त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. ते नाकारून आपण त्यांचा कोणता सन्मान करतो?

जुना ड्राफ्ट्समन
मी आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे माझं बोलणं जरा वेगळं. २०१३ साली दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात त्यांची रेखाटनं पाहिली आणि एकापुढे बराच वेळ थांबलो. शाईची रेघ खोडता येत नाही. फार तर ब्लेडने खरवडायची, आणि खरवडलेल्या जागी शाई फुटते. त्यात पट्टी उचलताना कड ओली असली की सगळं काम गेलं. रेघांमधलं अंतर केसाकेसाने वाढत नेणं आम्हाला धडधाकट हातानेही जमायचं नाही. या बाईंचा स्नायूंवरचा ताबा आजाराने हळूहळू सुटत चालला होता, तरी रेघ हलत नाही. एकांत होता की नव्हता, ठाऊक नाही. शिस्त होती, ती कागदावर दिसते.

तिरपी रेघ
@जुना ड्राफ्ट्समन, रेघेबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं. पण आजार आलाच मधे! तो माहीत नसता तर त्या कागदापुढे कमी वेळ थांबला असतात?

जुना ड्राफ्ट्समन
आजाराचं मला घरी आल्यावर कळलं. थांबलो होतो आधीच.

ओहोटी
गायतोंड्यांचा मुद्दा मात्र राहिलाच. आणि मोहम्मदींच्या डायऱ्यांचं काय? नोंदींच्या मधल्या ओळीच्या ओळी त्यांनी रंगवून झाकल्यात. 'मला सोडा' हे आणखी कसं सांगायचं?

तिरपी रेघ
गायतोंड्यांबाबत माझं चुकलं, मान्य. डायऱ्यांबाबत नाही. त्या रंगवलेल्या पट्ट्या मला झाकलेल्या वाटत नाहीत, रचलेल्या वाटतात. चित्राच्या पानासारखं पान आहे ते.