विद्राव्य तंतू आणि पाण्याचे प्रमाण
इसबगोल हा विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात विरघळणारा किंवा गर होणारा, न पचणारा वनस्पतीचा भाग आहे. बद्धकोष्ठतेवर दिले जाणारे इसबगोल जुलाबावर कसे चालेल, ही शंका रास्त आहे. चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवले, तर त्याचा बुळबुळीत गर होतो. हाच गर आतड्यात पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कडक मल मऊ होतो आणि पातळ मल बांधून येतो. इन्युलिन हा दुसरा विद्राव्य तंतू मात्र आतड्यातील जिवाणू झपाट्याने आंबवतात, म्हणून त्याने पोट अधिक फुगते. माझ्या मते खरा धोका इसबगोलची कोरडी भुकटी गिळण्यात आहे, कारण ती घशातच फुगून अडकू शकते. दर मात्रेसोबत साधारण 240 मिली पाणी हवेच. गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतडे अरुंद झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. इतर औषधे आणि इसबगोल यांत 2 तासांचे अंतर ठेवावे.