मदत हवी आहे: पंधरा माणसांसाठी राजम्याचा दाट रस्सा, पण साल काही मऊ होत नाही

बेसाकरीण:

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमच्या गच्चीवर पंधरा माणसं जेवायला आहेत. चार पुण्याची (भावाच्या सासरची), दोन लहान पोरं, आणि बाकी आम्ही नागपूरचे, म्हणजे रश्श्यावर तर्री दिसली नाही तर ताटाकडे बघणारही नाहीत असे. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, बर्डीकडे कुठला रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून बाहेर जेवायचा बेत आधीच रद्द झाला. थंडीही मस्त पडली आहे. एक मोठा गंज भरून राजम्याचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, मुळा, कांदा आणि शेवटी थोडा भात, एवढंच करायचं ठरलंय.

अडचण राजम्याची आहे. मला हवा तसा दाणा म्हणजे बोटाने दाबला की सायीसारखा दबेल, पण सालीतून बाहेर आलेला नसेल. आणि रस असा की भाकरीच्या तुकड्यावर थांबेल. सध्या होतं काय, दाणा आतून शिजतो पण साल दाताखाली येते, आणि रस वेगळा, दाणे वेगळे. वाटीत वाढलं की वर पाणी, खाली राजमा.

माझी पद्धत सांगते. राजमा मोठा, चित्रा. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतो तेव्हा इतवारीतून आणलेला, माळ्यावर स्टीलच्या डब्यात आहे. रात्रभर भिजवते. आमच्या लेआउटमध्ये नळ अजून आलेला नाही, त्यामुळे स्वयंपाकाला बोअरचं पाणी, प्यायला आरओ. सकाळी कुकरमध्ये राजमा, कांदा, टमाटर, हळद, मीठ सगळं एकदम, आणि सहा शिट्ट्या. मग वरून मसाल्याची फोडणी.

आता आमचे मोठे काका म्हणतात, कुकर सोडा, शनिवारी रात्री कच्चा राजमा मसाल्यासकट गंजात टाका, कोळशाच्या शेगडीवर नुसत्या धगीवर ठेवा, सकाळपर्यंत लोण्यासारखा होतो. घरात मावसभावाने आणलेला इलेक्ट्रिक स्लो कुकरही पडून आहे, तो वापरून बघावा असं मला वाटतंय. दोन्हींत बरं कोणतं? शिवाय सासूबाईंना राजम्याने पोटात गॅस धरतो, त्याचंही काही सुचवा. क्रीम आणि काजूची पेस्ट मात्र सांगू नका, तो हॉटेलचा प्रकार मला नको आहे.

-----

तर्रीवाला:

ताई, राजमा काहून? हे दिवस सोल्यांचे आहेत ना जी. कॉटन मार्केटला तुरीच्या शेंगांचे ढीग लागून राहिले आणि तुम्ही उत्तरेतल्या कडधान्याच्या मागे. सोल्यांची आमटी करा, लसण-मिरची-सांबार (म्हणजे कोथिंबीर) वाटून. भिजवणं नाही, शिट्ट्या मोजणं नाही. नाहीतर पोपटाचे (वालाच्या शेंगांचे) दाणे आणि वांगे.

-----

बेसाकरीण:

दादा, पंधरा माणसांचे सोले सोलायला तुम्ही येता का शनिवारी? या, चहा करते.

-----

तर्रीवाला:

राजमाच बरा मग.

-----

प्रयोगवही:

बाकी सगळं नंतर, आधी काकांच्या शेगडीबद्दल. कच्चा राजमा धगीवर किंवा स्लो कुकरमध्ये अजिबात टाकू नका. हे चवीचं नाही, तब्येतीचं आहे.

राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. पाणी खळखळून उकळलं, १०० अंशांवर, तर ते दहा मिनिटांत नष्ट होतं. पण मंद धगीवर गंज ८० अंशांच्या आसपास रेंगाळला तर दाणा मऊ लागतो आणि ते द्रव्य तसंच राहतं. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतो असं आढळलं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळा. आपल्या कुकरमध्ये तापमान १०० च्या बरंच वर जातं, म्हणून कुकरचा राजमा बिनघोर खाता येतो. काकांच्या पिढीने धगीवर रात्रभर ठेवलं ते बहुधा तूर, हरभरा किंवा मटण. राजमा आपल्याकडे घरोघरी आला तो फार नंतर.

काकांचं मनही राखता येईल. राजमा कुकरमध्ये पूर्ण शिजवा, मसाल्यात मिसळा आणि मग जेवायच्या आधी दीड-दोन तास तो गंज शेगडीवर ठेवा. धुराचा वास येतो, रस आटतो, काका खूश. फक्त अधूनमधून बुडबुडे येताना दिसले पाहिजेत. रात्रभर कोमट राहिलेला रस्सा सकाळी आंबलेला मिळतो.

आता सालीचं. तुमच्या वर्णनात मला तीन गुन्हेगार दिसतात.

पहिला, बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला (पेशी जोडून ठेवणाऱ्या द्रव्याला) धरून बसतं, मग तुम्ही दहा शिट्ट्या घेतल्या तरी साल सुटत नाही. भिजवायला आणि शिजवायला, दोन्हींना आरओचं पाणी घ्या.

दुसरा, टमाटर. आंबट काहीही कुकरमध्ये राजम्यासोबत नको. टमाटर, चिंच, आमसूल, दही, सगळं दाणा पूर्ण शिजल्यावर.

तिसरा, माळा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर काय होत असेल विचार करा. त्यामागून पावसाळ्याची दमट हवा. उष्णता आणि ओल यांनी कडधान्याचा दाणा असा होतो की तो पाणी पितो पण शिजत नाही. पंधरा माणसांचा प्रश्न असेल तर माळ्यावरचा राजमा बाजूला ठेवा आणि नवा आणा.

-----

इतवारीची लेक:

प्रयोगवहींनी मिठाला सोडलं वाटतं. आमच्या आजीचं ठाम मत, कडधान्य शिजायच्या आधी मीठ घातलं की ते आकसतं.

-----

प्रयोगवही:

आजीशी भांडायची माझी हिंमत नाही, पण मीठ निर्दोष आहे. उलट भिजवायच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम, मीठ घाला. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं आणि साल एकसारखी मऊ पडते, दाणे फुटतही कमी. सकाळी पाणी ओतून राजमा धुऊन घ्यायचा, त्यामुळे खारट होत नाही. शिजवताना मग मीठ थोडं हात राखून.

सोड्याबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो: जुना राजमाच वापरायची वेळ आली तर शिजवताना चिमूटभर. जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं.

-----

गोकुळपेठी:

एक व्यवहाराची गोष्ट. या दिवसांत ओट्यावर ठेवलेलं भांडं रात्रीतून गार पडतं आणि दाणा हवा तितका फुगत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा आमचे छोले सकाळी अर्धेच भिजलेले होते. आता मी कोमट पाण्यात भिजवते आणि भांडं फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवते. दाणा मधोमध चिरून बघायचा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे.

-----

साताऱ्याचा घेवडा:

चित्रा राजम्याची साल मुळातच जाड. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर बघा. त्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही आहे. दाणा लहान, अंगावर लाल रेघा, लवकर शिजतो आणि रस आपोआप दाटतो. नागपुरात कुठे मिळतो ते मात्र तिथल्यांनी सांगावं.

-----

इतवारीची लेक:

मस्कासाथला विचारून बघा, पण रविवार तोंडावर आलाय. नाही मिळाला तर लहान दाण्याचा जम्मूचा राजमा घ्या, किराणा ओळीत सहज मिळतो.

आता दाटपणा, कारण याच्यावर मला बोलायचंच होतं. राजमा शिजला की दोन डाव दाणे बाजूला काढून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये त्याच्याच पाण्यात वाटा आणि परत सोडा. रस आणि दाणा वेगळे पडतात त्यावर हाच खरा इलाज. राजमा शिजवलेलं पाणी अजिबात टाकायचं नाही, भिजवलेलं टाकायचं.

त्यावर आपल्याकडचा मसाला. सुकं खोबरं थेट गॅसवर धरून काळपट भाजा, किसू नका, नंतर फोडून वाटा. खसखस, धणे, थोडे जवस, काळी मिरी, लवंग, दालचिनी, आणि दगडफूल. दगडफूल आधी नीट निवडा, त्यात काड्या आणि माती असते. गरम तेलात टाकलं की क्षणात फुलून काळं पडतं, तेवढ्यात उचलायचं, नाहीतर कडू. कांदा उभा चिरून लालसर भाजायचा, अद्रक-लसण त्यातच. सगळं एकजीव, गंधासारखं बारीक वाटलं गेलं पाहिजे. रवाळ राहिलं तर रश्श्याच्या तळाशी बसतं. मग मोठ्या गंजात तेल सढळ हाताने, वाटण टाकून कडेने तेल सुटेपर्यंत परता. घाई इथेच नडते. वाटणाचा रंग विटकरी झाला आणि उलथणं ओढल्यावर गंजाचा तळ दिसला की टमाटर, ते आटले की राजमा पाण्यासकट.

शेवटी दोन चमचे ज्वारीचं पीठ कोरडंच भाजून, गार पाण्यात कालवून सोडायचं. घरात येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) असेल तर तो अजून बरा. बेसन नको, पिठल्याची चव येते.

पुण्याच्या पाहुण्यांसाठी: रस्सा मध्यम तिखट ठेवा आणि तर्री वेगळी काढा. वाटीभर गरम तेलात, गॅस बंद करून, भिवापुरी मिरचीचं तिखट, चमचाभर मसाला आणि लगेच डावभर रस्सा, म्हणजे तिखट जळत नाही. ज्याला हवी त्याने आपल्या वाटीत ओतून घ्यावी. पोरांचाही प्रश्न सुटला.

-----

गोकुळपेठी:

सासूबाईंसाठी: भिजवलेलं पाणी टाकलं की गॅस करणाऱ्या साखरा, रॅफिनोज आणि स्टॅकिओज, बऱ्यापैकी निघून जातात. सगळ्या जात नाहीत. फोडणीत हिंग, जेवणानंतर ओवा, आणि पहिल्या वाढीला थोडाच राजमा. शक्य असेल तर त्यांना दुपारीच वाढा, रात्री नको.

-----

तर्रीवाला:

पाणी टाकलं म्हणजे सत्त्वही गेलं ना.

-----

गोकुळपेठी:

थोडं जातं. पण सासूबाई रात्रभर बसून राहिल्या तर उरलेलं सत्त्व तुमच्या घरी पाठवू का?

-----

बेसाकरीण:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री एक खेळ केला. माळ्यावरचाच राजमा, एक मूठ बोअरच्या पाण्यात आणि एक मूठ आरओच्या पाण्यात मीठ घालून. सकाळी दोन वेगळ्या वाट्यांत, एकाच कुकरमध्ये शिजवला, ज्याच्या त्याच्या पाण्यात. बोअरच्या वाटीतली साल तशीच, चावताना सुटून जिभेवर राहणारी. आरओच्या वाटीतला दाणा बराच बरा, पण मधे काही दाणे खडेच. म्हणजे पाणी आणि माळा दोन्ही. नवा लहान राजमा आणला आहे.

काकांना उलट्यांचं सांगितल्यावर ते गप्प बसले, पण शेगडी पेटवायचीच म्हणतात. तर प्रयोगवहींच्या पद्धतीने दुपारी गंज शेगडीवर.

आता फक्त प्रमाण सांगा. पंधरा माणसांना किती, आणि माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये किती वेळ?

-----

प्रयोगवही:

भाकर-भात सोबत आहे तर माणशी ६० ग्रॅम कोरडा राजमा पुरे, म्हणजे ९०० ग्रॅम. शिजल्यावर सव्वादोन किलोच्या आसपास भरेल. पाच लिटरचा कुकर कडधान्याने आणि पाण्याने मिळून अर्ध्याच्या वर भरू नका, फेस येऊन शिट्टीत अडकतो. त्यामुळे तीनदा लावा, दाण्याच्या वर दोन बोटं पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि २० मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या, शिट्टी उचलून काढली तर दाणे फुटतात. मग पाच-सहा दाणे वेगवेगळ्या ठिकाणचे काढून दाबा. एकही कडक लागला तर आणखी पाच मिनिटं. हे सगळं टमाटरच्या आधी.

-----

इतवारीची लेक:

आणि तेल बघून घाबरू नका. पंधरा माणसांच्या गंजाला दीड वाटी लागतंच.

-----

बेसाकरीण:

दीड वाटी! बरं. शनिवारी रात्री कोमट पाण्यात भिजत घालते. तर्रीवाला दादा, सोले सोलायचे नाहीत, पण मुळे किसायला माणूस हवा आहे.

-----

तर्रीवाला:

मुळा किसत नाही जी कोणी रश्श्यासोबत. फोडी करून ठेवा, मीठ लावून.