ताब्याचा आदेश हाती आहे म्हणजे मूल देशाबाहेर जात नाही?

टिळकवाडी: कालच्या पोस्टात ठोकून दिलंय, 'फॅमिली कोर्टानं ताबा दिला की निर्धास्त राहा, विमानतळावर मूल अडवतातच.' यावर विसंबून कुणी बसलं तर पोर हातचं जाईल. बेळगावातला आदेश गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या इमिग्रेशन काउंटरवर आपोआप पोचत नाही. आदेशात तीन गोष्टी मागून घ्या: परवानगीशिवाय भारताबाहेर नेण्यास मनाई, मुलाचा पासपोर्ट कोर्टात जमा, आणि ब्युरो ऑफ इमिग्रेशनला कळवण्याचा निर्देश. मग प्रमाणित प्रत घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयात लुकआऊट सर्क्युलरचा (देशाबाहेर जाताना अडवण्याच्या सूचनेचा) पाठपुरावा. नाव, जन्मतारीख, क्रमांक पासपोर्टावर आहे तस्सं द्या. आडनावाचं स्पेलिंग चुकलं तर सगळी मेहनत पाण्यात.

निपाणी वेस: पासपोर्ट जमा करून भागत नाही. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर पासपोर्ट तिकडचा, तो आपलं पासपोर्ट ऑफिस रद्द करू शकत नाही. भारतीय पासपोर्टही एका पालकाच्या सहीवर 'ॲनेक्शर सी' भरून मागता येतो. २०१८ पासून अर्ज देशात कुठूनही चालतो, म्हणून मनाईची प्रत बेंगळुरूबरोबर पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसलाही द्या. खरा इलाज १९८० चा हेग करार, एका देशातून दुसऱ्या देशात पळवलेलं मूल परत पाठवण्याचा. कायदा आयोगानं २००९ मध्ये शिफारस केली, २०१६ मध्ये पुन्हा अहवाल दिला. भारत अजून बाहेरच.

खानापूर रोड: हेगचं तुणतुणं बंद करा! आपल्या भागातली माणसं जातात दुबईला, आणि अमिराती त्या करारात नाही. सही करून इथल्या आईला काय मिळणार? उलट मारहाणीला कंटाळून पोराला घेऊन माहेरी आलेलीचंच पोर परत पाठवतील. परत पाठवू नये म्हणून कराराच्या कलम १३ मधला 'गंभीर धोका' तिनंच सिद्ध करायचा, तोही परक्या देशात घडलेल्याचा. पुरावा आणायचा कुठून?

निपाणी वेस: दुबईपुरतं तुमचं बरोबर. पण लंडनहून आणलेल्या पोराचं काय? २०१७ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा मानतं, मुलाचं हित सर्वांत वर. म्हणजे निकाल येईस्तोवर पोर इथं रुळलेलं. ज्यानं पळवलं त्यालाच वेळेचा फायदा.

चंदगड फाटा: लंडन राहू द्या, आधी महाराष्ट्राच्या हद्दीवरची शिनोळी ओलांडायचं बघा. बेळगावच्या कोर्टानं पालक नेमला तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम २६ सांगतं, परवानगीशिवाय मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायचं नाही. माहेर चंदगडला असलेल्या आईनं दिवाळीला दर वर्षी अर्ज करायचा?

टिळकवाडी: कलम २६ कुठल्या कायद्याचं ते बघून बोला! पुष्कळांचा ताबा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली असतो. आकडा तोच, कायदा वेगळा. तिथं आदेशात जे लिहिलं तेवढंच बंधन. लोकांना उगाच घाबरवू नका.

चंदगड फाटा: घाबरवत नाही, खबरदारी सांगतोय. दोन्ही २६ ची गल्लत वकिलांच्या अर्जातसुद्धा दिसते, म्हणूनच आदेश स्पष्ट हवा: 'कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा येथे सुट्टीत सलग १५ दिवसांपर्यंत नेण्यास मुभा, ४८ तास आधी दुसऱ्या पालकास लेखी कळवून.' मुलाला नेण्या-आणण्याची जागा आणि वेळही घाला. नुसतं 'महिन्यातून दोन रविवार' लिहिलं की दर रविवारी भांडण. आणि भाषेचं बोला! आदेश कन्नडात निघाला तर चंदगडचा हवालदार वाचणार कसा?

खानापूर रोड: आला भाषावाद! पोराचा विषय चाललाय इथं.

चंदगड फाटा: पोराचाच विषय आहे. रात्री ठाण्यात उभी राहिलेली आई भाषांतर कुठून करून आणणार? मनाईचा परिच्छेद इंग्रजीत द्यावा अशी विनंती अर्जातच करा. इमिग्रेशनलाही तोच चालतो.

निपाणी वेस: इंग्रजी परिच्छेदाचा मुद्दा मान्य करावा लागेल. पण एक राहिलं. मूल खरंच सुट्टीला परदेशी जाणार असेल तर परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, हमीपत्र आणि रकमेचा बाँड घ्या, आणि शक्य असेल तर त्या देशातल्या कोर्टाकडून तशाच अटींचा आदेश आधी मिळवा. तोही विमानात बसण्यापूर्वी. नंतर इथला बाँड जप्त होतो, पोर येत नाही.

खानापूर रोड: हे पटलं. हेगचं नाही.