बहिणीच्या डागाळलेल्या दातांना कॅप की व्हेनियर?

किनवटकर:
बहीण २३ वर्षांची. आमच्याकडं किनवट तालुक्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, त्यानं तिच्या वरच्या दातांवर तपकिरी डाग पडलेत. कीड नाही, दुखत नाही. स्थळं बघायलोत, पण फोटोत ती ओठ मिटूनच बसते. नांदेडला एका डॉक्टरांनी आठ दातांना झिरकोनियाच्या (कठीण पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅपा सांगितल्या, दुसऱ्यांनी व्हेनियर, म्हणजे दाताला पुढून चिकटवायची पातळ चकती. माझं मत कॅपकडं. एकदाच खर्च, दात सगळा झाकतो, पातळ चकती निघून पडायची भीती नाही.

दंतवैद्य, परभणी:
दादा, हे मत चुकीचं आहे. कॅपसाठी दात चारी बाजूंनी तासावा लागतो, साधारण १ ते २ मिमी. व्हेनियरला बहुतेक पुढूनच, अर्ध्या मिमीच्या आसपास. तासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, परत येत नाही. निरोगी दात एवढा तासला की आतली नस दुखावू शकते, मग रूट कॅनॉल. आणि ‘एकदाच’ तर कुठलंच नाही. कॅप असो वा व्हेनियर, १०-१५ वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी लागते. कॅप रूट कॅनॉल झालेल्या दाढेला, फुटलेल्या दाताला. नुसत्या रंगासाठी आठ चांगले दात तासायला माझा हात धजणार नाही.

लातूरची आई:
डॉक्टरसाहेब, माझ्या लेकीला व्हेनियरच बसवले होते. वर्षात दोन निघाले. दर वेळी एसटीनं जा, दिवस मोडा. शेवटी कॅपा केल्या, सहा वर्षं झाली, तक्रार नाही. बघायला आलेली माणसं पोरीच्या तोंडाकडं कसं बघतात, ते आईला विचारा. तिला टिकाऊ काम पाहिजे, मिमीचा हिशेब नको.

दंतवैद्य, परभणी:
ताई, तुमचा त्रास खरा आहे. फ्लोरोसिस (फ्लोराइडचे डाग) जास्त असला की इनॅमलवर सिमेंटची पकड कमी मिळते, हेही खरं. पण ती झोपेत दात खाते का, हे कुणी विचारलं होतं?

लातूरची आई:
खाते. कुणीच विचारलं नाही.

दंतवैद्य, परभणी:
मग व्हेनियर निघणारच. अशांना रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं संरक्षक कव्हर, लागतो. आता कॅपा आहेत तरी करून घ्या, नाहीतर त्यांचेही टवके उडतील.

बीडचा शिक्षक:
मी दोन्ही केलं नाही. संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. त्यांनी आम्लाच्या पेस्टनं डागाचा वरचा थर घासला, मग घरी दातांवर औषधाचा ट्रे लावून ब्लीचिंग, म्हणजे दात उजळणं. डाग पुसले गेले नाहीत, फिके झाले. वर्गात मोकळा हसतो, मला पुरे. ब्लीचिंग करायचं तर आधीच करा भाऊ. व्हेनियरचा किंवा कॅपचा रंग ब्लीचिंगनं बदलत नाही, नंतर शेजारचे दात वेगळे दिसतात.

लातूरची आई:
सर, तुम्ही पुरुष माणूस, तुमचं फिक्यावर भागतं. पोरीच्या दातात लोक फिकाही डाग शोधतात.

नांदेडची मुलगी:
दादा, सगळे बोलायलेत. ताईला विचारलं का?

किनवटकर:
काल रात्री विचारलं. म्हणाली, मधले दोनच खटकतात, बाकीचे ओठाखाली जातात. आणि कॅपसाठी दात तासतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. कॅपचं मत मी सोडलं.

दंतवैद्य, परभणी:
मग आधी सरांसारखं पेस्टनं डाग घासणं आणि ब्लीचिंग. उरलं तर त्या दोन दातांवर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा लेप, ते बहुतेक दात न तासता होतं. पाच-सात वर्षांत दुरुस्ती लागेल, पण व्हेनियरची वाट मोकळी राहते. करण्याआधी दातावर तात्पुरतं लावून आरशात दाखवायला सांगा.

किनवटकर:
घरात साडेतीन वर्षांची पुतणी आहे, तेच पाणी पिते. उकळून दिलं तर चालेल का?

दंतवैद्य, परभणी:
नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. तिचे पुढचे कायमचे दात आत्ता हिरडीत घडतायत. आजपासून आरओचं द्या आणि बोअरचं पाणी तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर आलं तर त्या पाण्याचा घोटही तिला नको.