मदत हवी आहे: मेटोप्रोलोल की अमिओडारोन?

तासगाववेस: आईच्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) आलंय. सांगलीत मेटोप्रोलोल २५ सकाळ-संध्याकाळ दिली, मिरजेत अमिओडारोन २०० दिवसातून तीनदा. यातलं चांगलं कोणतं? लवकर सांगा, गोळ्या उद्या संपतायत.

कृष्णाकाठ: वय? नाडी? इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय? बाकी गोळ्या कोणत्या? दोघींचं काम वेगळं आहे. मेटोप्रोलोल ठोक्यांचा वेग आवरते, ताल बिघडलेलाच राहतो. अमिओडारोन ताल जागेवर आणायला बघते.

मिरजवाडा: अमिओडारोन नकोच. २०० च्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन. थायरॉइड, लिव्हर, फुप्फुसं, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. ताल आवरणाऱ्या फ्लेकेनाइडचं विचारा.

कृष्णाकाठ: इको न बघता फ्लेकेनाइड? १९८९ च्या कास्ट अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांपैकी ती घेणारेच जास्त दगावले.

मिरजवाडा: हृदयाची रचना चांगली असेल तर चालते, एवढंच म्हणतोय.

हळदपेठ: बीपी मशीनवर एकदाच मोजू नका. ठोके अनियमित असले की आकडा उड्या मारतो. तीनदा मोजून सरासरी काढा.

तासगाववेस: बीपीचं विचारलं नाही. वय ६२, नाडी १२८. लहानपणीच्या संधिवाती तापामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद आहे. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी तर दोन वर्षं चालूच आहे.

कृष्णाकाठ: हे सगळ्यात आधी सांगायचं! अमिओडारोनमुळे अ‍ॅसिट्रॉम शरीरातून लवकर जात नाही, रक्त जास्त पातळ होतं. तेही एकदम नाही, पुढचे कित्येक आठवडे हळूहळू वाढत जातं. शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) किती?

तासगाववेस: महिन्यापूर्वी २.४. काल दात घासताना हिरडीतून रक्त आलं, म्हणून मऊ ब्रश आणला.

कृष्णाकाठ: ब्रशवर सोडू नका. उद्या सकाळी आधी पीटी-आयएनआर, रिपोर्ट घेऊन थेट डॉक्टरांकडे. अ‍ॅसिट्रॉम बऱ्याचदा एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत उतरवावी लागते, पण किती ते डॉक्टरच ठरवतील. नंतरही काही आठवडे दर आठवड्याला तपासणी. शी काळी झाली किंवा डोकं फार दुखलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.

मिरजवाडा: त्यापेक्षा रक्त पातळ करणारी नवी रिव्हरोक्सबान घ्या, आयएनआरची कटकटच नाही.

कृष्णाकाठ: संधिवाती झडपेला नाही. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अ‍ॅसिट्रॉमसारखी जुनीच औषधं सरस ठरली. तासगाववेस, मेटोप्रोलोल बंद केली का?

तासगाववेस: नाही, दोन्ही चालू.

कृष्णाकाठ: मग नाडी रोज पूर्ण एक मिनिट मोजा. ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर लगेच कळवा. मेटोप्रोलोल मनाने एकदम तोडू नका. अमिओडारोन तीनदा कधीपर्यंत, दोनदा-एकदावर कधी यायचं, चिठ्ठीत नसेल तर लिहून घ्या.

तासगाववेस: लॅब सातला उघडते. उपाशी न्यायचं का?

कृष्णाकाठ: गरज नाही. चहा-नाश्ता करून न्या. अ‍ॅसिट्रॉम किती मिलिग्रॅमची ते कागदावर लिहून सोबत ठेवा.