दहावा खंड वगळा म्हणणाऱ्यांसाठी

रिकामा_रकाना

'सध्या काय वाचताय' या धाग्यात तळटीप यांनी काल रॉबर्ट जॉर्डनच्या चौदा खंडी कल्पनारम्य मालिकेबद्दल एका नव्या वाचकाला सल्ला दिलाय: "व्हील ऑफ टाइम वाचताय ना? मग सातव्या खंडानंतर थेट अकरावा उचला. मधल्या तिन्हींचा सारांश दहा मिनिटांत वाचून होतो, काही बुडत नाही." त्यावर सहमतीचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला बसलो, लांबत गेलं, म्हणून इथे टाकतोय.

मी या मालिकेचा भक्त नाही. शिव्याच घालायच्या तर माझी यादी तळटीपांच्या यादीपेक्षा लांब निघेल. नायिकांपैकी नायनीव वेणी ओढते. मग परत ओढते. दर दोन पानांआड कुणीतरी घागरा सारखा करतं, नाहीतर नाक उडवतं. नायकाचा मित्र पेरिन, त्याची बायको फाईल नवव्या खंडात शायडो टोळीच्या कैदेत, दहाव्यात कैदेत, सुटते अकराव्यात. छापील तारखा बघितल्या तर 2000 ते 2005. दहाव्यात राजकन्या एलेन पानंच्या पानं अंघोळ करते. हे सगळं मान्य आहे आणि हे वाचताना मी पुस्तक आपटलेलंही आहे.

पण वगळा? नववा खंड वगळा? साइडिनवरचा, म्हणजे पुरुषांच्या जादूच्या शक्तीवरचा, तीन हजारांहून जास्त वर्षांचा कलंक ज्या खंडात धुतला जातो तो? आणि दहाव्यात पेरिन शायडो कैद्याचा हात तोडतो तो प्रसंग. सारांशात त्याचं "पेरिन कुऱ्हाड टाकून देतो" एवढं होतं. तो माणूस बायकोसाठी काय काय करायला तयार झालाय हे त्याचं त्यालाच दिसतं आणि किळस येते. ती किळस आपल्यापर्यंत पोचते, कारण त्याआधी आपण त्याच्यासोबत त्या बर्फात कंटाळलेलो असतो.

नायक रँडचंही तेच. सहाव्या खंडात त्याला पेटीत कोंडतात, मग डुमाईज वेल्सची लढाई. तिथून पुढे तो दगड होत जातो, मेलेल्या बायकांची यादी मनात घोकत बसतो, आणि बाराव्यात ड्रॅगनमाउंट या डोंगरावर जातो. मधले खंड काढून टाका, म्हणजे एक चिडका राजपुत्र डोंगरावर जाऊन शांत होऊन आला, एवढंच उरेल. मला मालिकेचा राग येतो तो याचाच की कंटाळा आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत. एकाला कात्री लावली की दुसराही फाटतो.

(फाईलची कैद मात्र अर्ध्या पानांत भागली असती. तिथे मी भांडणार नाही.)

तळटीप

माझ्या दोन ओळींवर एवढा मोठा निबंध, आभारी आहे. पूर्ण मालिका सुमारे 44 लाख शब्दांची आहे. नव्या माणसाला "कंटाळा सोसा, त्यातच मजा आहे" सांगणं याला मी वाचनप्रेम म्हणत नाही, व्रत म्हणतो. परिणाम साधायला कंटाळाच लागतो हे कुणी ठरवलं? पहिले सहा खंड 1990 ते 1994 मध्ये आले, जाडजूड होते, आणि एकही कंटाळवाणा नाही. म्हणजे जॉर्डनबाबाला जमत होतं. पुढे त्याला कुणी अडवलं नाही. संपादक कोण होती? हॅरिएट मॅकडूगल, त्याची बायको. घरातल्या घरात कात्री कोण चालवणार!

निशाचरी

तळटीप, हे अगदीच काहीच्या काही. ती पहिल्या खंडापासून संपादक होती. तुमचे लाडके सहा खंड चांगले झाले तेव्हाही तीच बायको होती ना? आणि लग्नाच्या आधीपासून ती याच धंद्यात होती.

मला दहावा आवडतो. हो, आवडतो. पाय मोडून अंथरुणावर पडले होते तेव्हा वाचला. दिवसभरात काहीच घडत नसताना, ज्यात काहीच घडत नाही असं पुस्तक हातात असणं किती बरं वाटतं हे धडधाकट माणसांना कळायचं नाही.

शेवटचाबाक

तुम्ही सगळे मागाहून आलेले आहात, म्हणून ही चर्चा करू शकता. आम्ही खंड निघतील तसे वाचत होतो. नववा 2000च्या नोव्हेंबरात आला, शेवटी तो कलंक धुतला जातो, जग बदललं! आता पुढे काय? 2003च्या जानेवारीपर्यंत थांबलो. दहावा उघडला तर काय, "तो कलंक धुतला जात होता तेव्हा बाकीचे सगळे कुठे उभे होते आणि त्यांना दुरून काय दिसलं." सहाशेच्या वर पानं! त्यानंतर 2004 मध्ये अकरावा नाही, पूर्वकथा काढली. पूर्वकथा!

ज्या मित्रामुळे मी मालिकेला लागलो त्याने दहाव्यानंतर सोडली ती सोडलीच. 2013 मध्ये शेवटचा वाचून झाल्यावर मी त्याला फोन केला, शेवट सांगू का विचारलं. तो म्हणाला, "फाईल सुटली का तेवढं सांग."

ढगफुटी

कंटाळा राहू द्या बाजूला. चौदा खंडांत बायका एकाच आवाजात का बोलतात यावर कुणी बोलणार आहे का? जादूच्या शक्तीतला पुरुषांचा अर्धा भाग नासलेला, म्हणून सत्ता बायकांकडे, ही कल्पना खरंच जबरदस्त. आणि त्या सत्तेचं बायका काय करतात? फणकारतात, एकमेकींना फटके मारतात, आणि पुरुषांना बिनडोक म्हणतात. वर रँडला तिघीजणी, आणि तिघींची आपापसांत तडजोडही झालेली. सोय बघा.

रिकामा_रकाना

ढगफुटी, फटक्यांबद्दल आणि तिघींबद्दल माझ्याकडे बचाव नाही. एकाच आवाजाबद्दल आहे. एग्वेन जादूगार बायकांच्या व्हाइट टॉवरमध्ये कैदेत असताना जे करते ते नायनीव करूच शकली नसती.

ढगफुटी

कैदेतल्या एग्वेनचा उत्तम भाग बाराव्यात आहे. तो कुणी लिहिलाय ते बघा आणि मग बोला.

सरळरेष

अखेर कुणीतरी विषय काढला. मालिकेतले सर्वांत वाचनीय तीन खंड म्हणजे शेवटचे तीन, दुसऱ्या लेखकाचे, ब्रँडन सँडरसनचे आहेत. जॉर्डन 2007 मध्ये गेला तेव्हा "एकच खंड उरलाय" म्हणत होता. त्या एकाचे तीन झाले. म्हणजे किती गोष्टी लोंबकळत ठेवल्या होत्या बघा. सँडरसनने त्या 2009, 2010 आणि 2013 मध्ये संपवल्या. संपवल्या हे महत्त्वाचं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनचे वाचक पुढच्या खंडासाठी 2011पासून ताटकळलेत.

शेवटचाबाक

वाचनीय?? रँडचा मित्र मॅट आठवतो का तुम्हाला? अकराव्यातला मॅट आणि त्याची होणारी बायको टुऑन, ते दोघं एकमेकांना जोखत फिरतात तो प्रवास ही मालिकेतली सर्वांत मिश्कील पानं आहेत, आणि मॅटला स्वतःला पत्ताच नसतो की तो विनोदी आहे. बाराव्यात तोच मॅट नाटकातल्या विदूषकासारखा प्रेक्षकांकडे बघून विनोद करतो. आपल्या माणसांना खोट्या ओळखींच्या लांबलचक कहाण्या लिहून देतो. हा मॅट नाही. हा मॅटचे कपडे घातलेला कुणी दुसराच आहे.

सरळरेष

सँडरसनने स्वतःच मान्य केलंय की त्या खंडात मॅट जमला नाही. पुढच्या दोनांत सुधारलाय. एवढा प्रांजळपणा किती लेखकांकडे असतो?

शेवटचाबाक

प्रांजळपणाचं मी काय करू? माझा मॅट परत येतो का त्याने?

निशाचरी

सुधारलाय हे खरं आहे हो. तेराव्यातला टॉवर ऑफ गेन्जायचा भाग वाचताना मी एकदाही थांबले नाही.

तळटीप

म्हणजे बघा, जॉर्डनच्या मधल्या खंडांची बाजू घेणारे लोक शेवटी कशाचं कौतुक करतायत? दुसऱ्याने लिहिलेल्याचं. मी एवढंच म्हणत होतो.

रिकामा_रकाना

नाही, तुम्ही "सारांश वाचा" म्हणत होतात. सँडरसन धावू शकला कारण रस्ता आधी बांधलेला होता. शिवाय शेवटाचा शेवट, उपसंहाराचा बहुतेक मजकूर, जॉर्डननेच लिहून ठेवलेला. रँड पाइप पेटवतो आणि तो कसा पेटला याचं स्पष्टीकरण कुणी देत नाही, ते त्याचंच. सँडरसनने लिहिलं असतं तर त्यामागचे नियम दोन पानं समजावले असते.

सरळरेष

हा शुद्ध आकस आहे. शेवटच्या लढाईचं दोनशेच्या आसपास पानांचं एकच प्रकरण लिहून दाखवा, मग बोला.

शेवटचाबाक

वाचकाने टीका करण्याआधी लिहून दाखवायचं असेल तर सगळी चर्चाच बंद करा. काय बोलताय?

नवाभिडू_७७

मालिका दूरचित्रवाणीवर बघून आवडली होती, 2025 मध्ये तिसऱ्या पर्वानंतर बंद केली म्हणून पुस्तकांकडे वळलो. दुसऱ्या खंडावर आहे. कैदेत एग्वेन, पेरिनची बायको, शेवटची लढाई… पेरिनचं लग्न होतं??

ढगफुटी

होतं. आम्हालाही वाईट वाटलं होतं.

तळटीप

नवाभिडू, सल्ला तुमच्यासाठीच होता, अजूनही लागू आहे. आता नववा घालून.

रिकामा_रकाना, तुमचा कुऱ्हाडीचा प्रसंग काल काढून वाचला. चांगला आहे. फारच चांगला आहे. एका प्रसंगासाठी सहाशे पानं हा दर मात्र मला परवडत नाही.

रिकामा_रकाना

त्या आधीची पन्नास पानंही काढून वाचा. प्रसंग अजून चांगला होईल.

तळटीप

पंचवीस वाचेन. अंघोळीची नाही.

सरळरेष

आणि मॅट?

शेवटचाबाक

मॅटवर माझं बोलून झालंय. परत बोलायला लावू नका.